मृदुला हल्ली फार विसरते

गुरुवार, १२ जून १९८०, निगडी

कंपनी दर वर्षी ही डायरी देते आणि दर वर्षी ती धोब्याच्या कपड्यांच्या नोंदीला जाते. यंदा अर्धं वर्ष सरल्यावर मृदुलाने ती माझ्यापुढे आणून ठेवली. म्हणाली, "जे काय चिडायचं ते हिच्यावर चिडा. माझ्यावर नको."

तर चिडतो.

पहिली चीड भेटायला येणाऱ्यांवर. मार्चमध्ये मुंबईला माझी छाती उघडली, हृदयातली खराब झडप काढली आणि धातूची बसवली. ती टकटक वाजते. खोलीत शांतता असली की मृदुलालाही ऐकू येते. ही बातमी आजूबाजूला कशी पसरली देव जाणे. आता जो येतो तो बोलता बोलता मध्येच गप्प होतो आणि कान पुढे करतो. काल समोरच्या रुक्मिणीबाई म्हणाल्या, "आता काळजी नाही हो हरिहरराव, मशीनच नवं बसवलंय." जणू मी त्यांच्या विहिरीवरची मोटर आहे.

दुसरी चीड वर्तमानपत्रावर. आज अग्रलेख तीनदा वाचला. शेवटाला येईपर्यंत सुरुवात कशाबद्दल होती तेच कळेना. हल्लीच्या संपादकांना एक विचार धड पुढे नेता येत नाही. बंद करून टाकावं हे वर्तमानपत्र.

तिसरी चीड मृदुलावरच, तिने मनाई केली असली तरी. ती हल्ली फार विसरते. परवा म्हणालो, तुझा भाऊ येणार होता तो आला का नाही? तर म्हणाली, "अहो, येऊन गेला. तुम्हाला सांगायचं मीच विसरले." सकाळची गोळी द्यायची विसरली असेल म्हणून विचारलं तर म्हणे, "दिली बहुतेक. थांबा, डबी बघते." दिलेली होती. साठी अजून लांब आहे तिची. डॉक्टरांना दाखवायला हवं.

मंगळवार, १७ जून

ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यातलं मला काहीही आठवत नाही. मृदुला आज हसत हसत सांगत होती. मी म्हणे नर्सबाईंना, "मागण्या आधी लेखी द्या, मग बोलू," असं बजावत होतो. एका वॉर्डबॉयला कामावरून कमी केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. सलाईनची नळी ओढली म्हणून माझे हात खाटेला बांधले, तर मी घेरावाची तक्रार पोलिसांत देणार होतो.

मी मोटारींचे दिवे बनवणाऱ्या भोसरीच्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर. वीस वर्षं कामगारांशी बोलणी केली. बेशुद्धीतही धंदा सोडला नाही म्हणायचं.

"डॉक्टर काय म्हणाले होते त्यावर?" मी विचारलं.

"म्हणाले, होतं असं काहींना. ऑपरेशन चालू असताना हृदय थांबवून ठेवतात ना, रक्त यंत्रातून फिरवतात. त्याचा डोक्याला त्रास होतो. हळूहळू जातो म्हणाले."

"गेला की."

"हो, गेला," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गॅस बंद केलाय का ते बघायला उठली. गॅस लावलेलाच नव्हता. काय म्हणावं हिला.

रविवार, २९ जून

ही वसाहत आखणाऱ्या प्राधिकरणाच्या इंजिनिअरांना कोणी विचारणारं आहे का? एकाच मापाचे प्लॉट, एकाच रुंदीचे रस्ते, एकसारखी फाटकं आणि कोपऱ्यावर नंबराचा दगड. तोही निम्म्या ठिकाणी गवतात. माणसाने घर ओळखायचं कशावरून?

सकाळी बसस्टँडपर्यंत एकटा फिरून येतो म्हणालो. मृदुला चपला घालून तयारच. तिला दटावून घरी बसवलं. न्हाव्याकडे ही बरोबर, बँकेत ही बरोबर, म्हणजे माणसाने करायचं काय? जाताना झकास गेलो. येताना एक वळण चुकलं आणि मग प्रत्येक वळण मघाच्यासारखंच दिसू लागलं. एका अर्धवट बांधलेल्या बंगल्यासमोरून मी दोनदा गेलो असेन. तिसऱ्यांदा तिथे कुशाबाई भेटली. रहाटणीहून भाजी घेऊन येते ती.

"काका, कुनीकडं?"

"घरी. फिरायला आलोय."

"बरं झालं बाई गावला. मला तुमच्याकडंच यायचंय, आन पाटी लई जड झालीया. जरा बोलत बोलत चला माज्यासंगं."

मग सबंध रस्ताभर तिची बडबड. नातवाचा खोकला, मेथीवरची कीड, सुनेचं माहेर. एक चकार शब्द मला बोलू दिला नाही. फाटकाशी आल्यावर मृदुलाने तिच्याकडून आम्ही आठवडाभर खाऊ एवढी भाजी घेतली आणि तिचे दोन्ही हात धरून किती तरी वेळ उभी राहिली. दोन मेथीच्या जुड्यांसाठी एवढा जिव्हाळा मी प्रथमच पाहिला.

सोमवार, ७ जुलै

रुजू झालो. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत आणि युनियनशी होणारा करार ऐन तोंडावर आलाय. माझ्याशिवाय तो होत नाही, हे माझं नव्हे, आमचे मॅनेजर श्याम करमरकर यांचंच म्हणणं. माझ्यापेक्षा बराच लहान आहे, पण माणूस सरळ.

गेटपासून ऑफिसपर्यंत माणसं भेटत होती. या कारखान्यात मला प्रत्येकाचं नाव, गाव, कोणाची मुलगी कुठे दिली, सगळं ठाऊक असतं. माझं भांडवलच ते. आज मात्र सगळ्यांनी चेहरे बदलून ठेवलेत. कोणी मिशी काढली, कोणी पोट वाढवलं. मी आपलं "काय राव, कसं काय राव" करत गेलो. राव म्हटलं की कोणाला काही कमी पडत नाही.

युनियनचा अध्यक्ष बाळाजी नाणेकर भेटायला आला. चाकणचा. याच्याशी मी इतकी वर्षं भांडतोय की भावकीतही कोणी भांडलं नसेल. आला आणि दारातूनच म्हणाला, "साहेब, मी बाळाजी. बाळाजी नाणेकर. आन ह्ये आपले धोंडीबा, प्रेस शॉपचे."

मी चाटच पडलो. जणू मी काल लागलेला ट्रेनी. "मला माणसं ओळखता येतात अजून," मी म्हणालो.

"व्हय साहेब. धोंडीबालाच सवय लागलीया, नाव सांगून बोलायची."

धोंडीबा तर तोंडच उघडत नव्हता. युनियनने काही तरी नवा डाव काढलेला दिसतोय. लक्ष ठेवायला हवं.

बुधवार, १६ जुलै

कराराच्या बोलण्यांना सुरुवात. कॅन्टीनच्या मागच्या खोलीत बसलो. आमच्याकडे मसुदा होईपर्यंत तोंडीच चालतं, माझा शब्द दोन्ही बाजूंना पुरतो. छान झालं सगळं. बाळाजी प्रत्येक मुद्द्याला आधीचा मुद्दा पुन्हा उगाळतो, त्याने वेळ फार गेला. काय काय ठरलं ते उद्या सविस्तर लिहीन. आज डोकं ओल्या कापसासारखं जड झालंय.

शनिवार, १९ जुलै

मृदुलाशी भांडण. पेटीतला पत्त्यांचा जोड काढला, म्हटलं रमीचा डाव टाकू. दोन डाव जिंकलो आणि मग माझ्या लक्षात आलं की ती मला जिंकू देतेय. राजा-राणी-गुलामाचा लागलेला सिक्वेन्स तिने मोडला. पत्ते उधळून दिले. आजाऱ्याचे लाड लहान पोरासारखे करतात याचा मला वीट आलाय. तिने एकेक पत्ता गोळा केला आणि म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं."

शुक्रवार, २५ जुलै

एवढा संताप मला पूर्वी कधी आला नव्हता. झडप फुटते की काय वाटलं.

आजच्या बैठकीत बाळाजी म्हणाला, "पेंट शॉपच्या टेम्पररी पोरांचं तर ठरलंच हाय. दिवाळीच्या आत कायम. तेवढं मसुद्यात घ्या, साहेब."

ही अठरा मुलं. दर काही महिन्यांनी ब्रेक देऊन घरी बसवायची आणि पुन्हा घ्यायची, असं चार वर्षं चाललंय. पण ठरलं कधी?

"असं काही ठरलेलं नाही," मी म्हणालो.

धोंडीबाच्या मागे बसलेला एक पोरगा उठून म्हणाला, "साहेबांनी सवता शब्द दिला. आमी घरी सांगून बसलो." दुसरा म्हणाला, "देवस्थळी साहेब बी खोटं बोलाया लागलं." मी टेबलावर हात आपटला. वीस वर्षांत मला खोटा म्हणणारा या कारखान्यात निपजला नव्हता.

बाळाजीने त्यालाच दरडावलं. "गप ऱ्हा. साहेब दमल्यात. आज हितंच थांबू."

म्हणजे आधी माझ्या तोंडी नसलेला शब्द घालायचा आणि वर माझ्यावर दया दाखवायची. सगळे बाहेर गेल्यावर मी करमरकरांना म्हणालो, "बघितलंत? सरळ खोटं बोलतात."

करमरकर टेबलाकडे बघत होते. "देवस्थळी, तुम्ही बोलला होतात. मी शेजारीच होतो. सोळा तारखेला, याच खोलीत. तुम्ही म्हणालात, 'पेंट शॉपची पोरं दिवाळीच्या आत कायम. मी सांगतो ना.'"

हे वाक्य माझं आहे. "मी सांगतो ना" असं इथे दुसरं कोणी म्हणत नाही. पण ते बोलणारा मी मला कुठेही सापडत नाही. त्या खोलीतला पंखा आठवतो, चहा गार झालेला आठवतो. बाकी कोरं.

शनिवार, २६ जुलै

मृदुलाला समोर बसवून विचारलं.

"मुंबईपासूनच आहे," म्हणाली. "मला वाटलं, जाईल. डॉक्टर म्हणाले होते ना, जाईल म्हणून."

"आणि तुझं विसरणं?"

"मी काही विसरत नाही हो," म्हणाली आणि रडायला लागली.

भाऊ येऊन गेला त्या दिवशी मी त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या होत्या. गोळी मीच घेतली होती. रुजू व्हायच्या आधी ती करमरकरांना जाऊन भेटली होती, आणि बाळाजी आपणहून घरी येऊन तिला भेटून गेला होता. एवढी माणसं मला सांभाळून घेत होती आणि मी डायरीत त्यांची अक्कल काढत होतो.

मला खरं तर तिचे आभार मानायला हवेत. मानले नाहीत. ओरडलो. म्हटलं, सगळ्यांना ठाऊक आणि मला नाही, मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही कामावर गेला नसता. आणि कामावर गेला नसतात तर इथे बसून तुमचं काय झालं असतं?"

यावर मी आणखी ओरडलो.

सोमवार, ४ ऑगस्ट

रजा काढून मुंबईला जाऊन आलो. सर्जननी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा उजळला. "सुंदर," म्हणाले. "झडप अगदी सुंदर काम करतेय."

"डोक्याचं काय?"

"डोकं?"

सांगितलं सगळं. ते म्हणाले, "वय झालं की थोडं विसरायला होतंच."

"वय ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही हेच होतं, डॉक्टर."

मग खुर्ची जवळ ओढून बसले. शंभरातून सात वजा करत जायला लावलं. त्र्याण्णव म्हटलं, शहाऐंशी म्हटलं, आणि पुढे मी कशातून काय वजा करतोय तेच निसटलं. सुरुवातीला तीन शब्द सांगितले होते ते विचारले. एक आठवला, दिवा. तोही धंद्यातला म्हणून.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "यंत्रातून रक्त फिरतं तेव्हा बारीक बुडबुडे जातात, गुठळ्या जातात, कधी मेंदूला दाब कमी पडतो. नक्की काय होतं ते आम्हालाही पुरतं माहीत नाही. काही लोक वर्षभरात सुधारतात. काही नाही. घरची माणसं जीव वाचला यातच इतकी खूश असतात की कोणी विचारत नाही."

"मी विचारतोय."

"माझ्याकडे याला औषध नाही, देवस्थळी."

हा या पाच महिन्यांतला पहिला माणूस, ज्याने माझ्याशी गोड बोलायचं टाळलं. तरी त्याचाही रागच आला.

गुरुवार, ७ ऑगस्ट

करमरकरांनी बोलावून दार लावलं. डायरेक्टर सोमवारी येतायत. त्यांना पेंट शॉपचा शब्द पाळायचा नाही. एका शॉपला दिलं की सगळे मागतील, हे त्यांचं म्हणणं.

"त्यांनी एक मार्ग काढलाय," करमरकर म्हणाले. त्यांना ते बोलवत नव्हतं. "तुम्ही बैठकीत सांगायचं की मोठ्या ऑपरेशननंतर तब्येत ठीक नव्हती, काय बोललो आठवत नाही. डॉक्टरचा दाखला जोडू. म्हणजे शब्द आपोआप रद्द. तुमच्यावरही काही येत नाही, पूर्ण पगारी रजा मिळेल. आणि देवस्थळी, हे खोटं तर नाही ना."

खोटं नाही. तीच तर पंचाईत आहे. वीस वर्षं मालक मला थोडं फिरवून बोलायला सांगत आले आणि मी नकार देत आलो. आता पहिल्यांदा कोणी मला शुद्ध खरं बोलायला सांगतंय.

घरी येऊन व्हरांड्यात बसलो. शब्द दिल्याचं मला आठवत नाही. पण समजा आजच बाळाजीने येऊन विचारलं, त्या पोरांचं काय? तर मी काय म्हणेन? त्यांचं काम बारमाही आहे, ब्रेक हे निव्वळ नाटक आहे, हे मला ठाऊक आहे. मी म्हणेन, दिवाळीच्या आत कायम. म्हणेनच. डोक्यातून दिवस गळून पडतायत, पण या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे आहे.

रविवार, १० ऑगस्ट

सोळा तारखेचं सगळं मी करमरकरांना गुरुवारीच विचारून घेतलं होतं, त्यावर दिवसभर मृदुला माझी परीक्षा घेतेय. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, कुठूनही विचारते.

"तारीख?"

"सोळा जुलै."

"कुठे?"

"कॅन्टीनच्या मागे."

"कोण कोण होतं?"

"करमरकर, बाळाजी, धोंडीबा आणि... तो पेंट शॉपचा."

"ज्ञानदेव."

"ज्ञानदेव. अगं, किती वेळा विचारशील?"

"तुम्ही विसराल तितक्या वेळा."

मॅट्रिकलाही एवढं पाठांतर केलं नव्हतं. संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं आणि ज्ञानदेव पुन्हा नाहीसा झाला होता. हातातलं भांडं आपटलं. तिने ते उचललं, पोचा आलाय का बघितलं आणि म्हणाली, "ज्ञानदेव. तारीख?"

सोमवार, ११ ऑगस्ट

सगळं लिहून ठेवतो, आजचं आज.

कॅन्टीनच्या मागचीच खोली. डायरेक्टर मध्यभागी, करमरकर बाजूला, समोर बाळाजी, धोंडीबा आणि ज्ञानदेव. ज्ञानदेव म्हणजे तोच, त्या दिवशी मला खोटं ठरवणारा पोरगा. डायरेक्टर माझ्याकडे वळून फार मायेने म्हणाले, "देवस्थळी, तुमची प्रकृती आम्ही जाणतो. सोळा तारखेला तुम्ही काही बोलल्याचं तुम्हाला आठवतं का?"

करमरकरांनी मान खाली घातली. बाळाजी माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता.

"स्वच्छ आठवतं," मी म्हणालो. "याच खोलीत. हे तिघे होते, करमरकर होते. मी म्हणालो, पेंट शॉपची पोरं दिवाळीच्या आत कायम. मी सांगतो ना."

आयुष्यात कंपनीच्या टेबलावर बोललेलं माझं पहिलं खोटं. आवाज हलला नाही.

डायरेक्टरांनी चष्मा नीट केला. मग म्हणाले, "असं? मग पंचवीस तारखेला साफ नाही का म्हणालात?"

हे मृदुलाने विचारलं नव्हतं. डोक्यात नुसतं पांढरं. खोलीत माझी झडप सगळ्यांना ऐकू येत होती. मी डायरेक्टरांच्या चष्म्याकडे बघत राहिलो आणि जे तोंडात आलं ते बोललो.

"घाबरलो होतो."

"कशाला?"

"तुम्हाला. शब्द देऊन बसलो आणि मग वाटलं, तुम्ही मानणार नाही. म्हातारपणी नोकरीची भीती वाटली. त्या मुलाने मला खोटा म्हटलं, ते बरोबर होतं."

ज्ञानदेवने मान खाली घातली. डायरेक्टरांनी करमरकरांकडे पाहिलं. करमरकर म्हणाले, "मी साक्षीला होतो, सर. शब्द दिला होता." यालाही धैर्य लागलं असणार.

शेवटी डायरेक्टर म्हणाले, "घ्या मसुद्यात." उठताना मला म्हणाले, "भित्रा माणूस या खुर्चीत चालत नाही, देवस्थळी."

"नाहीच चालत," मी म्हणालो. "महिनाअखेर मला मोकळं करा." त्यांना वाटलं मी रागाने बोललो. कोणी कारण विचारलं नाही. आज त्याची चीड आली नाही, हे नोंदवून ठेवतो.

गेटबाहेर बाळाजी उभा होता, चाकणच्या गाडीची वाट बघत. माझी बस यायची होती. मग तो हळूच म्हणाला, "साहेब, एक इचारू? खरंच आठवलं का तुमाला?"

"नाही."

"मग पंचवीस तारखेला घाबरला हुता, त्ये?"

"तेही नाही. त्या दिवशी मला खरंच वाटलं की तुम्ही लबाडी करताय."

तो माझ्याकडे वळला. "मग आज कशाच्या जोरावर बोललासा? मी लबाडीच केली असती तर?"

"वीस वर्षं भांडलो की आपण, बाळाजीराव," मी म्हणालो. "तेवढ्यात एकदा तरी केली असतीत."

त्याची गाडी आली. तो चढला नाही. पुढची बघू म्हणाला.